यंत्राचे ‘आपण’

माणसाचे साधन न राहता त्याचा ‘भागीदार’ होऊ पाहणाऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या उत्पादनांची चर्चा बहुधा अभियांत्रिकीच्या परिभाषेत होते. मराठीत ती प्रथम व्याकरणाच्या पातळीवर करावी लागते. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, कोपरीच्या अंगाला, प्रवासी यंत्रातून तिकीट काढतो. ते यंत्र ‘मी’ म्हणत नाही. म्हणून त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नही कोणाला पडत नाही. त्याच प्रवाशाच्या फोनमधला सहायक मात्र ‘मी मदत करते’ असे म्हणतो. (‘म्हणतो’ की ‘म्हणते’, येथेच घोटाळ्याला आरंभ होतो.) जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ‘एलायझा’ला स्त्रीचे नाव असले, तरी इंग्रजी क्रियापदामुळे तिच्या प्रत्येक वाक्याला लिंग धारण करावे लागले नव्हते. मराठी रचनाकाराला ही पळवाट नाही.

संबोधनाचेही तसेच. कोपरीत आगरी-कोळी वस्ती आहे, फाळणीनंतर स्थिरावलेली सिंधी कुटुंबे आहेत, घाटावरून आलेली माणसेही आहेत. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांना सर्रास ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. पलीकडच्या जिन्यातील घरात तोच ‘तू’ उद्धटपणा ठरेल. यंत्र प्रमाणभाषेतील ‘तुम्ही’ वापरून सुटका करून घेते. ही तडजोड क्षम्य मानता येईल.

क्षम्य न वाटणारी गोष्ट ‘आपण’ या सर्वनामात आहे. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. आजारी वृद्धेला यंत्र ‘आपण गोळीची मात्रा वाढवून पाहू’ असे सांगते, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये शरीर एकच असते. शिवाय यंत्रामागे उभ्या असलेल्या कंपनीचे ‘आम्ही’ त्या वाक्यात कोठेच उच्चारले जात नाही. भागीदारीचा व्यवहारातील अर्थ येथे आठवावा: १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार बांधील असतो.

यावर साहित्याच्या अभ्यासकाचा आक्षेप संभवतो. उसना ‘मी’ हा कादंबरीचा प्राणच नव्हे काय? हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूचा स्त्रीलिंगी ‘मी’ लिहिला, त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही. आक्षेप वजनदार आहे. परंतु आपट्यांचे नाव पुस्तकावर होते, आणि वाचक व लेखक यांच्यात कादंबरी नावाचा संकेत होता. याहून महत्त्वाचे असे की, यमू सर्व वाचकांना एकच गोष्ट सांगते. कोणता वाचक कोठे हळवा झाला हे ध्यानात ठेवून ती पुढचे प्रकरण बदलत नाही. सहचर-यंत्र नेमके हेच करू शकते. वायझेनबाउम यांच्या कार्यालयातील सचिव बाईंनी ‘एलायझा’शी बोलताना खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्यांनी नोंदवले आहे, यंत्रामागे कोणी नाही हे त्या जाणून होत्या, तरी संकेत टिकला नाही.

मराठी परंपरेतील सहचराची कल्पना अधिक कठोर आहे. जनाबाईसोबत जात्याला हात लावणारा विठ्ठल कष्टात वाटेकरी होतो, आणि म्हणूनच जनी त्याच्यावर रागावू शकते. यंत्रावर रागावले तर ते तत्काळ, अदबीने क्षमा मागते. त्या क्षमेसाठी त्याला काहीही गमवावे लागत नाही, आणि पुढच्या प्रश्नाला ते पुन्हा ‘आपण’ म्हणूनच आरंभ करते.

मराठीत ‘करता येईल’, ‘विचारावे लागेल’ अशी कर्त्याला बाजूला ठेवणारी रचना उपलब्ध आहे. मात्रेच्या प्रश्नावर ‘डॉक्टरांना विचारावे लागेल’ असे म्हणणारे यंत्र अधिक सरळ ठरेल. मात्र दिवसभर घरात एकट्या असलेल्या त्या वृद्धेला ते परके वाटेल, आणि तिने मागितलेली सोबत अन्य कोणी देत नाही, ही वस्तुस्थिती रचनाकाराच्या व्याकरणाबाहेरची आहे.