सही आणि अंगठा

माणूस कशाचा संग्रह करील याचा नेम नाही. कुणी नाणी जमवतो, कुणी तिकिटे; आणि जुन्या रेल्वे कंपन्यांचे शेअर व कर्जरोखे जमवणारेही छांदिष्ट जगात आहेत. त्या कागदावर एखाद्या नामांकित पुरुषाची सही असली की त्याचे मोल वाढते. अमेरिकेतल्या जे गूल्डची सही अशीच मागणीतली. या गृहस्थाने १८६८ साली ईरी रेल्वे आपल्या हाती राखण्यासाठी साथीदारांसह शेअरांचे नवे कागद भराभर छापले आणि प्रतिस्पर्धी व्हँडरबिल्टच्या गळ्यात मारले. आज त्याच्या सहीला किंमत येते, ती मग कशाची?

रोखा म्हणजे अखेर एक वचन. ठरल्या दिवशी मुद्दल देईन, तोवर व्याज देईन, एवढेच तो सांगतो. व्याजाची कूपने त्याला जोडलेली असतात. मुदत आली की एकेक कापायचे. मुद्दल फिटले की रोखा कंपनीकडे परत जातो; तिथे त्याला भोके पाडतात किंवा तो नष्ट करतात. बुडालेला रोखा मात्र धारकाच्या पेटीत तसाच राहतो. १९१८ साली बोल्शेविक सरकारने झारशाहीची कर्जे नाकारली, तेव्हा फ्रान्समधल्या कितीतरी साध्या कुटुंबांच्या घरी रशियन रेल्वेचे रोखे कूपनांसकट पडून राहिले. आज संग्राहक ते कौतुकाने न्याहाळतात. पाळलेले वचन असे मुकाट निघून जाते आणि मोडलेले चौकटीत बसते!

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून मला सोडून देता येत नाही. आमच्या नंदुरबारला रूळ आले तेही ताप्ती व्हॅली रेल्वे या कंपनीचे. सुरतेहून अमळनेरपर्यंत तिची गाडी धावे. तिचेही शेअर होते. पण या मुलखातल्या गोरगरिबांचे आयुष्य ज्या कागदाने बांधले तो सावकाराचा. त्यावर सही नसे, अंगठा असे. शहादा-तळोद्याकडच्या भिल्ल शेतकऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. कर्ज फिटले तरी कागद सुटत नसे, आणि जमीन मात्र हातची जाई. १९७२ साली अंबरसिंग महाराजांसारख्यांच्या पुढाकाराने शहाद्यात भूमुक्तीची हाक उठली, आणि १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला.

गूल्डची सही त्याला बांधू शकली नाही. भिल्लाच्या अंगठ्याने त्याला नि त्याच्या मुलाबाळांना बांधून टाकले. अंगठे मात्र कुणी जमवत नाही. वास्तविक सहीची नक्कल होते, अंगठ्याची रेघ दुसऱ्या कुणाची नसते!

संग्रह करू नये असे मी म्हणत नाही. जुना कागद जपला म्हणूनच जुना व्यवहार कळतो. पण हस्ताक्षराच्या वळणावर भुलताना त्या वचनावर कुणी पैसे लावले आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही विचारले पाहिजे. नाहीतर आपण इतिहास जपत नाही, नुसता दबदबा जपतो.

मी शाळामास्तर. ज्यांच्या घरात आजवर अंगठाच चालला, अशी मुले माझ्यापुढे बसतात. स्वतःचे नाव लिहिता आले की ती हरखून जातात, आणि त्यांनी हरखावेच. पण मी त्यांना सांगतो, बाळांनो, नाव खाली लिहायचे असते. आधी वरचे सगळे वाचा.