उचल

माझ्या शाईच्या पॅडवर किती अंगठे टेकले, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. 1974 साली मी पोस्टात लागलो, 2012 साली निवृत्त झालो. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली बरीचशी कोरेगाव तालुक्यात, सायकलवर. मनिऑर्डर आली की अंगठा घ्यायचा, अंगठ्याला साक्षीदार शोधायचा, नोटा मोजून हातावर ठेवायच्या आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर मुंबईच्या पोरानं लिहिलेला दोन ओळींचा निरोप वाचून दाखवायचा. निरोप वाचून दाखवणं पोस्टाच्या नियमात नव्हतं. ते मी पुण्य म्हणून करायचो.

आता त्र्याहत्तरावं चालू आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्याचे चार दिवस जातो आणि तिसरी-चौथीतल्या, वाचताना मागे राहिलेल्या पोरांना व्हरांड्यात सतरंजीवर घेऊन बसतो. लोक यालाही पुण्यच म्हणतात. पण पहिल्या कामाला पुण्य म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. असं का, ते सांगायला हे लिहितो आहे.

खालच्या आळीत एक मावशी होत्या. एकुलता एक मुलगा मुंबईच्या गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर आणि एक पत्र. माझी सायकल वळणावर दिसली की मावशी उंबऱ्यात येऊन बसायच्या. मी पाणी प्यायचो, गुळाचा खडा खायचो, मग पत्र फोडायचो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या टपाल-पिशवीतल्या मनिऑर्डरी आटल्या, पत्रं मात्र येत राहिली. त्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाचं एक पत्र आलं. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं, की महिनाभर ताप आहे, खोकल्यातून रक्त पडतं, आईला सांभाळून सांगा. मी ती ओळ गाळली. म्हातारीला कशाला घोर लावायचा, हा विचार त्यामागे होता. दोन महिन्यांनी पोरगा गावी आला तो हाडांचा सापळा होऊन. मावशी मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यानं लिहिलं होतं म्हणं." पुढचं पत्र त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि शेजारच्या सातवीतल्या पोरीला हाक मारली.

मला ती ओळ गाळल्याचं दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख वेगळं आहे. आठ वर्षं मी त्या उंबऱ्यावर जात होतो. महिन्यातून चारदा पाच-पाच अक्षरं दाखवली असती, तर वर्ष-दीड वर्षात त्या बाईनं स्वतःचं पत्र स्वतः वाचलं असतं. माझ्या मनात ते कधी आलंच नाही. आलं नाही याचं कारण मला माहीत आहे: उंबऱ्यात माझी वाट बघितली जाते, हे मला आवडत होतं.

आमच्या गावच्या सप्ताहात एका कीर्तनकार महाराजांनी तीन ऋणांवर निरूपण केलं होतं. तैत्तिरीय संहितेतली गोष्ट आहे. माणूस जन्मतो तो तीन ऋणं घेऊनच. देवांचं ऋण यज्ञानं फिटतं, पितरांचं संततीनं आणि ऋषींचं ब्रह्मचर्यानं, म्हणजे विद्येनं. कीर्तन संपल्यावर मी महाराजांना विचारलं, "हे सगळ्यांना लागू आहे का?" महाराज प्रामाणिक माणूस. म्हणाले, "आबा, मूळ वचनात शब्द ब्राह्मण असाच आहे." ते मला रात्रभर पुरलं. ज्यांच्या घराण्यात अक्षराला शिवायची मुभाच नव्हती, त्यांना ऋषींचं देणं कसं लागणार? मग मी माझी वही मांडायला बसलो. पुण्यात 1848 साली मुलींची शाळा काढणारे जोतीराव आणि सावित्रीबाई. काले गावात 1919 साली रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव, आणि बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्र मोडणाऱ्या लक्ष्मीबाई. रयतच्याच शाळेत मी अकरावी झालो. माझे ऋषी हे. देणं आहे, आणि ते मोठं आहे.

त्या वहीत सगळ्यात वर एक नाव मला लिहिता आलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही. आमचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं, दुष्काळी. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर करायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह. आमच्या गावात ती पोहोचली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्री देवळात कंदील लागायचा, बाया भाकऱ्या उरकून पाटी घेऊन जायच्या. शिकवायला एक तरुण गुरुजी शेजारच्या गावाहून चालत यायचे. कोण, कुठले, पुढे कुठे गेले, काही माहीत नाही. आई मला कडेला बसवायची आणि तिचं अक्षर चुकलं की मी हसायचो. गुरुजी मला म्हणाले होते, "हसू नको, तिला थोडा वेळ दे." शेवटी ग्रामदैवतापुढे सगळ्या गावानं शपथ घेतली, की घरातलं एकही पोर निरक्षर ठेवणार नाही. पुढं एकदा साताऱ्याच्या स्टँडवर आईनं कुणालाही न विचारता गाडीची पाटी वाचली. व, डू, ज. मोठ्यानं वाचली आणि माझा हात धरून गाडीत चढली. हरिपाठ तिला आधीपासून तोंडपाठ होता. तरी पुस्तकातून वाचताना ती बोट ठेवून वाचायची, आणि म्हणायची, पाठ म्हणताना मी म्हणते, वाचताना माउली बोलते.

ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीता मराठीत आणली, ती कशासाठी? पोथी आणि माणूस यांच्यामध्ये जो उभा होता, त्याच्या हाताला न धरता माणसाला पोथीपर्यंत जाता यावं, म्हणून. मी वारकरी आहे, माळ घातलेली आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण खालच्या आळीतल्या त्या उंबऱ्यावर मी मध्येच उभा राहणारा झालो होतो. प्रेमळ होतो, गुळाचा खडा खाणारा होतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ओळ वाचायची की गाळायची, हे जिथं तिसरा माणूस ठरवतो, तिथं त्या माणसाचा चांगुलपणा पुरत नाही. अडाणीपणाचं खरं दुःख हेच आहे, की माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या ओळी दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात.

म्हणून विद्यादान या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. दान म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सोडणं आणि दुसऱ्याचा हक्क उभा करणं. आहुती टाकताना म्हणतात, न मम, हे माझं नाही. गाय दिली की ती माझ्या दावणीला राहत नाही. पण अक्षर दिलं तर माझ्याकडचं काय गेलं? काहीच नाही. मग हे दान कसं? मला आता जे समजलं आहे ते असं: अक्षर जात नाही, पण आपली गरज जाते. पोराला माझ्यावाचून वाचता येऊ लागलं, की माझी सायकल वळणावर दिसण्याचं त्याला अप्रूप राहत नाही. म्हातारपणी कुणाला तरी आपण लागतो, हे सुख फार मोठं असतं, आणि तेच सोडायचं असतं. न मम म्हणायचं ते त्याला.

हे मला एका ऊसतोडीच्या पोरानं शिकवलं.

आमच्याकडे दिवाळी झाली की मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसऱ्याच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. शिवारात कोप्या पडतात, आणि शाळेत पाच-सहा नवी पोरं येतात, ती चैत्रात जातात. हा पोरगा बीडकडचा, तिसरीत. कोपीत गोरमाटी बोलायचा, शाळेत मराठी. बाई मला म्हणाल्या, "आबा, हा वाचतो चांगलं, पण काहीतरी गडबड आहे." मी पुस्तक समोर ठेवलं. बोट ओळीवरून फिरवत अख्खा धडा त्यानं धडाधड म्हटला. मग मी ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तो गप्प झाला, ओठातल्या ओठात ओळ पहिल्यापासून म्हणू लागला आणि त्या शब्दापाशी येऊन थांबला. धडा पाठ होता. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं.

अशी पोरं थोडी नाहीत. 'असर' नावाच्या शिक्षण-पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभरातल्या किती जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, ते पाहतात. 2018 साली 50.5 टक्के, कोरोनानंतर 2022 साली 42.8. बाईंच्या वर्गात दोन इयत्ता एकत्र. त्यांनी एकेकाजवळ बसायचं तरी कधी? आमच्यासारख्यांकडे मात्र दुपार मोकळी असते.

आम्ही अक्षरापासून सुरुवात केली. कानामात्रा झाली, वेलांट्या झाल्या, संक्रांतीपर्यंत जोडाक्षरांपर्यंत आलो आणि 'दऱ्या' या शब्दावर गाडी अडली. रफार असेल तर तो दर्या, म्हणजे समुद्र. र ची ती छोटी आडवी कोर असेल तर दऱ्या, डोंगरातल्या. पोराचा जीव मेटाकुटीला आलेला, कपाळावर घाम, बोट त्या कोरीवर दाबून धरलेलं, नखात उसाचा काळा चीक. शब्द माझ्या तोंडाशी आला होता. सांगितला असता तर त्याची सुटका झाली असती आणि त्यानं माझ्याकडे मायेनं बघितलं असतं. मला देवळातले गुरुजी आठवले. थोडा वेळ दे. मी मनात आकडे मोजायला लागलो. सतरापर्यंत गेलो असेन. तो म्हणाला, "द... दऱ्या." मग डोंगराकडे हात करून, "त्या?"

एकदा त्यानं विचारलं, "आबा, तुमाला शाळा पैसे देती?" म्हटलं, नाही. "मग कशापायी येता?" मी सांगितलं, की मला लहानपणी कुणीतरी शिकवलं, माझ्या आईलाही शिकवलं, त्यांचं देणं माझ्या अंगावर आहे, ते फेडतो. त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, "म्हंजी उचल." म्हटलं, हो, तसंच. लगेच पुढचा प्रश्न: "मुकादम कोण?"

मी त्या क्षणी काही बोलू शकलो नाही. ऋण हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो तेव्हा तो गोड वाटतो. या पोराला ऋण ठाऊक आहे ते कोपीतलं, आई-बापाला पहाटे तीनला फडावर नेणारं. जन्मतः कर्जात असणं काय असतं, हे त्याला कुणी निरूपण करून सांगायला नको. घरी जाताना उत्तर सापडलं, दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. म्हटलं, "याला मुकादम नाही. ज्यांनी दिलं ते परत मागायला येत नाहीत, ते गेले. हे पुढच्यालाच द्यायचं असतं. तुझ्या अंगावर माझं काही नाही. तुझ्या बहिणीला अक्षरं दाखव, झालं." मुकादमाच्या उचलीनं माणूस बांधला जातो. अक्षराच्या देण्यानं तो बांधला जात असेल, तर देणाऱ्यानं काहीतरी चुकीचं केलं आहे. माझं तर हे ठाम मत आहे, की शिकवून वर उपकार मोजणारा म्हातारा आणि मुकादम यांच्यात फार अंतर नाही.

माघात मी शाळेच्या पत्त्यावर त्याच्या नावानं एक पोस्टकार्ड टाकलं. पन्नास पैशांचं. त्याच्या नावाचं टपाल त्याच्या घराण्यात पहिलंच असावं. दुपारी तो कार्ड घेऊन पळत आला, "आबा, वाचून दावा." अडतीस वर्षं हेच ऐकत आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "नाही दाखवणार." त्याचा चेहरा पडला. खांबाआड जाऊन बसला. मला मावशी दिसत होत्या, त्यांचा उंबरा दिसत होता. अर्धा तास गेला, घंटा झाली, तो न बोलता निघून गेला. रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरतोय तोच समोर उभा राहिला आणि म्हणाला, "वीस."

कार्डावर मी लिहिलं होतं: उद्या येताना तुझ्यासाठी बोरं आणतो. किती आणू, ते सांग.

चैत्रात टोळी गेली. त्यानं कार्ड दप्तरात ठेवलेलं मी पाहिलं. यंदा टोळी आली, त्यात ते कुटुंब नव्हतं. तो आता चौथीत असेल, बीडकडच्या एखाद्या शाळेत किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या फडाजवळ. तुम्ही निवृत्त असाल, डोळे शाबूत असतील आणि तुमच्या गावच्या शाळेत असं एखादं पोर आलं असेल, तर दुपारी तासभर त्याच्याजवळ जाऊन बसा. जोडाक्षराला ते थांबेल. तुम्ही शब्द सांगू नका.