सोनेरी पानामागचे साक्षीदार

स्पेनमधल्या खानदानी घराण्यांची जुनी वंशपत्रे पाहणाऱ्याची नजर आधी चित्रांवर जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. चर्मपत्राची पाने, कातड्याची किंवा मखमलीची बांधणी, रेशमी दोऱ्याला लटकणारी शिशाची राजमुद्रा. आरंभीच्या पानावर मेरीमाता आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेले नवरा-बायको, मागे मुलाबाळांची रांग. कुठे पांढऱ्या घोड्यावरचा संत सांतियागो आणि त्याच्या घोड्याच्या टापांखाली पडलेले मूर सैनिक. शेजारी कुळाची ढाल: सिंह, बुरूज, गरुड, तारे. वर सोनेरी अक्षरांत राजाचे नाव, दॉन फेलिपे. १६व्या आणि १७व्या शतकांत अशी वंशपत्रे मोठ्या संख्येने तयार झाली. त्यांना कार्ता एखेकुतोरिया म्हणत.

पण चित्रांची ही मोजकी पाने उलटली की पुढे दाट हस्ताक्षरात कितीतरी पाने फक्त मजकूर येतो. त्या मजकुराकडे सहसा कोणी वळत नाही. मला मात्र या ग्रंथांचा सगळा जीव तिथेच दिसतो. कारण वंशपत्र म्हणजे मुळात एका खटल्याचा निकाल आहे.

खानदानी माणसाला, म्हणजे इदाल्गोला, राजाचा थेट कर माफ असे. गावावरचा कर मात्र बऱ्याचदा एकरकमी ठरे आणि मग घराघरांत वाटला जाई. म्हणजे एकाला माफी मिळाली की त्याचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर. म्हणून एखादे नवे घर गावात येऊन खानदानीपणा सांगू लागले की गावची सभा त्याचे नाव सरळ करदात्यांच्या यादीत घाली. मग तो माणूस वायादोलिदच्या राजन्यायालयात जाई. दक्षिणेकडचा असेल तर ग्रानादाच्या. हे दुसरे न्यायालय १५०५ पासून तिथे होते. समोर गाव उभे, राजाचा सरकारी वकीलही विरोधात. दावेदाराने सिद्ध करायचे काय, तर आपण, आपले वडील आणि आजोबा यांनी कधी तो कर भरला नाही, आणि गावाने त्यांना खानदानी म्हणूनच वागवले.

हे सिद्ध करणार कोण? गावातली म्हातारी माणसे. कर भरणारे शेतकरी, पाद्री, कधीकाळी वसुली केलेला कोणी. याच्या आजोबांना आम्ही पाहिले आहे, वसुली करणारे त्यांच्या दारावरून पुढे जात, हे शपथेवर सांगणारी माणसे. प्रत्येकाचे नाव, वय, गाव, दावेदाराशी नाते आहे की वैर आहे, सगळे लिहून घेतले जाई. खानदानी माणूस एकट्याने खानदानी होऊच शकत नव्हता. ज्यांच्यापेक्षा तो उंच बसणार होता, त्यांच्याच तोंडून ती उंची वदवून घ्यावी लागे. त्यात लाच, दबाव, भीती हे सगळे चालत असणार. तरीही निकालाचा पाया शेजाऱ्यांचे शब्द हाच होता.

न्यायालय मजकूर देई, चित्रांचा खर्च दावेदाराचा. कोणता संत काढायचा, सोने किती लावायचे, बायकामुले कुठे बसवायची, हे चितारी आणि गिऱ्हाईक मिळून ठरवीत. पुढे शतके गेली, करमाफी गेली, आणि ग्रंथ बाजारात आले. व्यापाऱ्यांनी चित्रांची पाने कापून चौकटीत बसवून विकली, साक्षींची पाने सुटी होऊन विखुरली. घराण्याने स्वतःविषयी जे रंगवले ते भिंतीवर गेले आणि गावाने त्याच्याविषयी जे सांगितले ते हरवले. मला ही फार मोठी हानी वाटते.

याचा गोव्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. ज्या फेलिपेचे नाव त्या पानांवर सोन्यात आहे, त्याच्याच नावाने त्या काळात जुन्या गोव्यातून कारभार चाले. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये फरशीकडे पाहा. थडग्यांच्या शिळांवर त्याच ढाली, तीच शिरस्त्राणे कोरलेली आहेत. पोर्तुगालची स्वतःची पद्धतही होती. तिथे राजाचा अधिकारी कार्ता द ब्राझाँव देई, म्हणजे कुलचिन्ह वापरण्याचे पत्र. १७५५च्या भूकंपात लिस्बनमधल्या त्या नोंदींचे दफ्तर नष्ट झाले. त्यानंतर घरच्या पेटीत जपलेले पत्र हाच अनेकांचा आधार राहिला.

आणि मग पेडणे. शापोरा नदीच्या काठावर हळर्ण गाव आहे, तिथे जुना किल्ला आहे. १७४६च्या मे महिन्यात व्हाईसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदाने हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकला. त्याच्याकडे आधी कास्तेलु नोव्हूचा मार्केश ही पदवी होती. या विजयानंतर ती बदलून १७४८मध्ये तो आलोर्नाचा मार्केश झाला. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. पोर्तुगालच्या पहिल्या फळीतल्या एका घराण्याने पुढे हेच नाव मिरवले. त्याची नात लिओनोर, चौथी मार्केझा द आलोर्ना, पोर्तुगीज साहित्यातली मानाची कवयित्री ठरली. लहानपणी घराण्यावर राजाचा कोप झाला आणि तिची तारुण्याची वर्षे लिस्बनजवळच्या एका मठात कैदेत गेली. शिडाच्या जहाजांना महिनोन्‌महिने लागत एवढ्या अंतरावरच्या, पेडणे महालातल्या एका गावाचे नाव तिच्या सहीत राहिले. हळर्णच्या लोकांना त्या पदवीचा मान कधी मिळाला नाही. किल्ला पडला तेव्हा तिथे जे मेले त्यांच्यासाठी कोणी ढाल रंगवली नाही. हे सांगताना मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

पोर्तुगीजांनी डिचोली आणि सत्तरी १७८१-८२मध्ये घेतली, आणि १७८८मध्ये खेम सावंतांकडून पेडणे त्यांच्याकडे गेले. साष्टी, बार्देश, तिसवाडीत आधी देवळे पाडण्याचे आणि धर्मांतराचे जे घडले होते ते या नव्या काबिजादींत, म्हणजे नंतर घेतलेल्या मुलखात, घडले नाही. देवळे राहिली, देसाई राहिले, वतने राहिली. इथल्या रूढींचे नियम पुढे १८५३मध्ये पोर्तुगीज राजवटीने नव्याने बांधले आणि ते पोर्तुगीजबरोबर मराठीतही छापले गेले. त्यामुळे पेडण्या-डिचोलीतल्या एखाद्या जुन्या घरची पेटी उघडली तर आदिलशाहीच्या आठवणी सांगणारे कागद, सावंतांच्या मोडीतल्या सनदा आणि पोर्तुगीज अल्वारा, म्हणजे हुकूमपत्रे, एकाच रुमालात बांधलेले सापडू शकतात. राज्य बदलले की जुनी सनद नव्या धन्याला दाखवायची आणि त्याच्याकडून पुन्हा शिक्का घ्यायचा, हा वतनदाराचा धर्मच होता.

आपल्याकडचा महजर इथे आठवतो. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसे. दोन्ही पक्ष आपापला करीना देत, म्हणजे वतन कसे मिळाले, कोणाच्या हातून कोणाकडे आले याची हकिकत. जेधे करीना याच जातीचा कागद. मग शेजारच्या गावचे पाटील, देशमुख, देशपांडे, शेटे, बलुतेदार यांच्या साक्षी. कधी साक्षींनी निकाल लागला नाही तर दिव्य: उकळत्या तेलातून रवा काढायचा आणि हाताला फोड येतात का ते पाहायचे. सभेचा निवाडा महजरात उतरे आणि खाली हजर असलेल्यांची नावे येत. लिहिता न येणारा साक्षीदार आपल्या नावापुढे आपली निशाणी काढी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा.

स्पेनच्या वंशपत्रात साक्षीदाराचे चित्र कुठेच नाही. चित्र फक्त जिंकणाऱ्याचे. मराठी महजरात सोने नाही, देवदूत नाहीत, दावेदाराची ढाल नाही. पण कागदाच्या तळाशी गावाची हत्यारे ओळीने मांडलेली आहेत. कलेच्या बाजारात या साध्या रेघांना किंमत नाही. मला मात्र त्या फेलिपेच्या सोनेरी अक्षरांपेक्षा मोलाच्या वाटतात, कारण अधिकार कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे त्यांनी लपवलेले नाही. गोतसभेत सगळे सारखे बसत होते, असे मात्र मी म्हणणार नाही. कोण सभेत, कोण पायरीखाली, हे ठरलेले असे. तरी खालच्याची खूण लागल्याशिवाय वरच्याचे वतन पक्के होत नसे.

पेडण्यात या दोन परंपरा एकाच घराण्यात भेटल्या. देशप्रभू हे महालातले जुने वतनदार सारस्वत घराणे. १९व्या शतकात पोर्तुगालच्या राजाने त्यांना विस्कोंद द पेर्नें ही पदवी दिली. हिंदू राहिलेल्या घराण्याला कॅथलिक राजाची सरदारी मिळाली; देवघर, अनेक चौकांचा वाडा, मोडी दफ्तर आणि युरोपी किताब एकत्र नांदू लागले. गोव्यात अशा मानमरातबांची मोजदादही होत असे. फिलिप नेरी शाव्हिएर यांनी १६४०नंतर गोव्यात ज्यांना सरदारीचे निरनिराळे दर्जे मिळाले त्यांची सूची १८६२मध्ये नोबिलियार्किया गोआना या नावाने छापली. १९१०मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि असे किताब कायद्याने संपले. आपल्या संविधानाच्या अठराव्या कलमानेही किताब मोडीत काढले. पण पेडण्यात विस्कोंद हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला, कारण मान कायद्याने दिला-घेतला जात असला तरी वापरात राहतो तो लोकांच्या बोलण्यात.

देवळांचे पाहा. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी, म्हणजे माझनींसाठी, १८८६मध्ये आणि पुन्हा १९३३मध्ये नियम केले. महाजन कोण, कोणत्या कुळाचे, हे कातालोगात, म्हणजे यादीत, लिहिले गेले. बाप महाजन म्हणून मुलगा महाजन. आजही गोव्यात कोणाला नाव नोंदवायचे असेल तर वंश दाखवावा लागतो आणि वाद मामलेदारापुढे जातो, कारण देवस्थानांचा प्रशासक तोच. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, यावरून पेडण्या-डिचोलीत गावे आजही दुभंगतात. मला हे फार दुःखाचे वाटते. इथे साक्षीदारांची जागा यादीने घेतली आहे, आणि यादीला प्रश्न विचारता येत नाही. ज्यांचे पूर्वज देवळाचे ढोल वाजवत होते, अंगण झाडत होते, त्यांची नावे त्या कातालोगात नाहीत.

या गोष्टीची दुसरी बाजू डिचोली तालुक्यातल्या मये गावात दिसते. तिथली बहुतेक जमीन एका पोर्तुगीज सरदाराच्या, मयेच्या कोंदाच्या नावावर होती. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, कोंदाचे घराणे निघून गेले. १९६४च्या कायद्याने ही जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गोवा स्वतंत्र झाला तरी मयेकरांचे घर त्यांच्या नावावर होईना. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे कौल बदलायलाही परवानगी मागत राहिली. त्यांनी मोर्चे काढले, निवडणुका तापवल्या, आणि २०१४मध्ये विधानसभेने पोर्तुगीज राजवटीतल्या अशा जुन्या जमीनदानांची मालकी रद्द करणारा कायदा केला. त्यानंतर घरांच्या सनदा वाटायला सुरुवात झाली.

गोव्यात १९६४चा कूळ कायदा आला, १९७५मध्ये मुंडकार कायदा आला, १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानले. तेव्हापासून मामलेदाराच्या कचेरीत जे चालले आहे ते मी त्या स्पॅनिश खटल्यांशेजारी ठेवून पाहतो. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा, म्हणतो, या घरात माझी आजी नांदली. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणतो, हा कालपरवा आला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात नाव नाही, पावती कोणी दिलीच नव्हती. मग शेजारची म्हातारी उभी राहते. याच्या बापाचे लग्न याच अंगणात झाले, माड याच्या आजोबांनी लावले, चवथीची माटोळी इथेच बांधतात, हे ती सांगते. कारकून लिहून घेतो, म्हातारी अंगठा उठवते.

पद्धत तीच आहे: तीन पिढ्या, शेजारी, शपथ, निकाल. फरक एवढाच की तेव्हा कर न भरणाऱ्याने आपला वंश सिद्ध केला, आता घाम गाळणाऱ्याने आपला वास सिद्ध करायचा आहे. गोव्याच्या इतिहासात सामान्य घरांची वंशपत्रे प्रथमच लिहिली गेली ती याच खटल्यांत. विस्कोंदाची वंशावळ मिळेल, मार्केशांची मिळेल. मांद्रे, कासारपाल, मये इथल्या कुळांच्या तीन पिढ्यांची तपशीलवार हकिकत मात्र त्यांच्याच शेजाऱ्यांच्या तोंडून फक्त त्या जबान्यांत आहे.

गोव्याचे पुराभिलेख खाते हे आशियातल्या जुन्या दफ्तरखान्यांपैकी एक. १५९५मध्ये दियोगु दु कोतुने ते सांभाळायला घेतले. पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथेच बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांचे कागद उजेडात आणले. राजांच्या पत्रांचे तिथे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. कूळ आणि मुंडकार खटल्यांच्या फायलींना मात्र तेवढा मान नाही. निकालाची प्रत पक्षकाराकडे जाते, बाकीची फाईल तालुक्याच्या कचेरीत राहते, आणि तिथल्या पावसाळ्यांत कागदाचे काय होते ते कोकणात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी. १९६४नंतरच्या निकाली खटल्यांतल्या जबान्या पणजीला न्याव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, साक्षीदारांच्या नावांची आणि वाड्यांची सूची करावी, आणि ती सूची त्या-त्या पंचायतीत ठेवावी. हे काम करायला सोने लागत नाही. चार जाणकार माणसे, कोरडी खोली आणि काही वर्षे लागतील. ज्या म्हाताऱ्यांनी साक्ष दिली त्यांपैकी काही आजही आपापल्या वाड्यांवर आहेत. त्यांच्याकडे लवकर जायला हवे.