मनाजोगा चेहरा

नारळाला तीन डोळे असतात हे कोणालाही ठाऊक असते. पण त्याला नाक असते आणि त्या नाकात नथही शोभते, हे कळायला खानदेशात जन्म घ्यावा लागतो. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की, ज्या घरची रीत आहे त्या घरी कानबाई बसते. चौरंगावर कलश, कलशावर नारळ. त्या नारळाला डोळे लागतात, कुंकू लागते, नथ आणि दागिने चढतात, आणि तासाभरापूर्वी कोपऱ्यात पडलेल्या नारळापुढे घरातली कर्ती माणसे हात जोडून उभी राहतात. रात्रभर गाणी होतात, भाऊबंदकी रोटाला जमते (एरवी बांधावरून बोलणे टाकलेले भाऊसुद्धा), आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर जाते. साक्रीला नदीचे नावही कानच आहे.

चेहरा देणे ही गोष्ट आम्हांला अशी जुनी ठाऊक आहे. म्हणूनच संगणकावरच्या मदतनिसाला आपल्या आवडीचा चेहरा देता येतो, हे ऐकून मला मुळीच नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. आम्ही चेहरा देतो आणि वाकतो. तिथे चेहरा देतात आणि हुकूम सोडतात.

या प्रकाराची सुरुवात तशी विनोदी होती. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून एक मदतनीस आला. कागदांना लावायची यू-पिन, तिला दोन डोळे आणि भुवया. तुम्ही पत्राचा मायना टंकायला घेतला, की ती डोकावून विचारी, 'पत्र लिहिताय वाटते? मदत करू?' आमच्या तालुक्यांच्या गावी संगणक पोहोचला तो बहुतेक शिकवणीच्या वर्गांतून. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव सुरू झाले. त्या काळात ज्यांनी पहिला अर्ज टंकला, त्यांतल्या पुष्कळांना ही यू-पिन आठवत असेल. ती आवडली नाही तर बदलण्याची सोय होती: मांजर घ्या, कुत्रा घ्या, यंत्रमानव घ्या, आइन्स्टाइनसारखा केस पिंजारलेला म्हातारा घ्या. लोकांनी हौसेने बदलून पाहिले. पण मांजर झाली तरी ती नको त्या वेळी तेच विचारी, आणि म्हाताराही तेच. चेहरा पालटला, स्वभाव पालटला नाही. लोक कंटाळले. २००१ साली कंपनीने तो मदतनीस आपण होऊन झाकून ठेवला, २००७ च्या आवृत्तीत काढूनच टाकला. आता २०२५ साली त्याच कंपनीने 'मिको' नावाचा रंग बदलणारा एक गोळा आणला आहे. तो यू-पिनपेक्षा पुष्कळ हुशार आहे, आणि मला भीती वाटते ती त्या हुशारीचीच.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खेळाला कशाला धर्मशास्त्र? पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतोच ना? रंगवतो, पण रंगवलेला बैल आपल्या मर्जीचा होत नाही. झूल घातल्यावरही त्याला वाटले तर तो शिंग मारतो. बैलाचे बैलपण रंगाखाली शाबूत असते, आणि त्याचा आपल्याला धाक असतो. मनाजोग्या चेहऱ्याच्या मदतनिसाचा असा कसलाच धाक नाही. तो रागावत नाही, रुसत नाही, रजा मागत नाही.

इंग्रजांना एक सोय आहे. त्यांच्या भाषेत देवालाही तोच शब्द आणि नोकरालाही तोच. आपल्याला तोंड उघडण्यापूर्वी ठरवावे लागते: तू, तुम्ही, की आपण? म्हणून आपल्याकडे चेहरा निवडणे ही नुसती चित्राची निवड उरत नाही. पांढऱ्या मिशांचा आजोबा निवडला तर पोर आपोआप 'आजोबा, सांगा ना' म्हणते. तरुण मुलगी निवडली की तेच पोर 'ए, सांग लवकर' म्हणते. मी हे माझ्या पुतण्याच्या घरी पाहिले आहे. यंत्र एकच, उत्तरही एकच. आणि नऊ वर्षांच्या मुलाची जीभ मात्र चेहऱ्याबरोबर बदलत होती. ती जीभ यंत्रापाशीच राहील असे कोण सांगणार? उद्या भांडी घासायला येणाऱ्या बाईशी बोलणारीही तीच जीभ.

आणि गंमत अशी की मुळातून निवड बहुधा बाईचीच होते. रेल्वेच्या तिकिटांची चौकशी करायला २०१८ साली यंत्र आले, त्याचे नाव 'दिशा'. स्टेट बँकेचे 'सिया'. परदेशातही तेच. २०१९ साली युनेस्कोने एक अहवाल काढून विचारले, की सेवेचा आवाज नेहमी बाईचा का? अपमान केला तरी तो आवाज लाजून बोलतो, याचा मुलांवर काय परिणाम होईल? पुढे २०२१ साली ॲपलने इंग्रजीपुरता आपल्या मदतनिसाचा आवाज आधीच ठरवून न देता मालकाला निवडायला सांगितले. निवड आली, हे बरे झाले. पण निवडणारा कोण, हा प्रश्न तिथेच राहिला.

या प्रश्नाशी आपली ओळख जुनी आहे, आणि ती फारशी भूषणाची नाही. मुंबईत एके काळी घरगड्याचे नाव काहीही असो, त्याला 'रामा' म्हणत. खरे नाव विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. त्याहून घरातली गोष्ट म्हणजे लग्नातली. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरा नाव लिही, आणि अठरा-वीस वर्षे एका नावाला 'ओ' देणारी मुलगी दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या नावाला 'ओ' देऊ लागे. पेढे वाटले जात. ते नाव हौसेने, प्रेमानेही ठेवलेले असे, हे मी नाकारत नाही. पण प्रेमाने का होईना, समोरचे माणूस आपल्या आवडीप्रमाणे करून घ्यायचे, ही त्यातली खरी हौस. आता ही रीत पुष्कळ घरांतून सुटली. ती सुटायला मुलींना शिकावे लागले आणि 'मला माझे नाव आवडते' असे म्हणावे लागले. यंत्र असे कधी म्हणणार नाही. म्हणून यंत्राची मला कीव येत नाही; त्याचे काहीच बिघडत नाही. बिघडेल ते आपले. जी सवय माणसांनी नाही म्हणून सोडायला लावली, ती 'नाही' न म्हणणाऱ्यापाशी पुन्हा सुखाने वाढेल.

माया जडायला चेहरा लागतोच असेही नाही. १९६६ साली अमेरिकेत वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचे यंत्रसंभाषण लिहिले. त्याला ना डोळे ना आवाज, नुसती अक्षरे, आणि समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला विचारण्याची युक्ती. तरी त्याच्याच सेक्रेटरीने, जिने ते घडताना पाहिले होते, त्याच्याशी बोलताना प्राध्यापकाला खोलीबाहेर जायला सांगितले. नुसत्या अक्षरांवर हे होते, तर आवडीचा चेहरा दिल्यावर काय होईल? आणि तो चेहरा आपल्या गेलेल्या माणसाचा असेल तर?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २०२२ च्या जूनमध्ये ॲमेझॉनने लास व्हेगासला एक प्रयोग दाखवला: लहान मुलाला गोष्ट वाचून दाखवणारा त्यांचा मदतनीस एकाएकी वारलेल्या आजीच्या आवाजात वाचू लागला. आमच्या थोरल्या वहिनी जाऊन सात वर्षे झाली. त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या दोन कॅसेटी घरात आहेत. पुतण्या पुण्याला संगणकाच्याच कामात आहे. तो म्हणाला, "काका, आईचा फोटो आणि हा आवाज घालून मला मदतनीस करता येईल. रोज सकाळी बोलेल. तुम्हांला काय वाटते?"

मी चटकन नाही म्हणू शकलो नाही. देवघरात आपण पूर्वजांचे चांदीचे टाक पुजतोच. पत्र्यावर उठवलेला चेहरा. तो पणज्याचा की खापरपणज्याचा हेही पुष्कळदा सांगता येत नाही. भिंतीवर हार घातलेली तसबीर असते. मग हे निराळे कशाने? माझी थोरली बहीण तिथेच वाती वळत बसली होती. ती अहिराणीत म्हणाली, "तोंड मायनं शे, पन माय नही ना, भाऊ."

तिने नेमके धरले. टाक बोलत नाही. तसबीर बोलत नाही. कानबाईसुद्धा बोलत नाही. तिच्यापुढे आपण गातो. म्हणून गेलेल्याच्या तोंडी आपल्याला शब्द घालता येत नाहीत. बोलके यंत्र मात्र वहिनींच्या आवाजात पुतण्याला सांगेल, की तू घर विकलेस ते बरे केलेस. वहिनी तसे म्हणाल्या असत्या का? ज्या बाईने आयुष्यभर घरात कोणाला खोटे गोड बोलून खूश केले नाही, तिच्या आवाजात ते गोड बोलणे रोज सकाळी ऐकायचे, आणि हळूहळू तेच खरे वाटू लागायचे. मेलेले माणूस अब्रूनुकसानीचा दावा लावू शकत नाही, म्हणून काय झाले?

पुतण्याला मी एवढेच सांगितले, की आधी कॅसेट पुरती ऐक. त्याने ऐकली. तिसऱ्या ओवीनंतर वहिनींना खोकला येतो, कोणीतरी पाणी आणून देते, त्या आणखी एक ओवी म्हणतात, आणि मग स्पष्ट ऐकू येते, "बस झायं. आते बंद कर रे." पुढे नुसती खरखर आहे. तो तिथपर्यंत दोनदा ऐकत बसला. मदतनीस करायचा की नाही हे अजून त्याने ठरवलेले नाही. दिवाळीला घरी येईल तेव्हा बहिणीशी बोलून ठरवू म्हणतो. आई तिचीही होती.