भागवून नेणारे

तिबेटच्या पठारावर ऑक्टोबरात गवत वाळतं, ते मेपर्यंत पुन्हा हिरवं होत नाही. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर राहणारा याक हे सात-आठ महिने बर्फ बाजूला सारून, खाली सापडेल ते पिवळं, निःसत्त्व गवत खाऊन काढतो.

चारा भरपूर असला की तो कोटीपोटातून, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून, भराभर पुढे सरकतो. तिथल्या सूक्ष्मजीवांना तो पुरता फोडायला सवड मिळत नाही. वापरात न आलेल्या नत्राचा यकृतात युरिया होतो आणि त्यातला बराचसा लघवीवाटे निघून जातो. खाणं घटलं की चारा पोटात रेंगाळतो आणि अधिक पचतो. युरियाही लाळेतून, कोटीपोटाच्या भिंतीतून माघारी येतो. सूक्ष्मजीव त्यावर वाढतात आणि पुढे आतड्यात तेच पचून याकची प्रथिनं होतात. रवंथ करणारी सगळीच जनावरं हे करतात. पण चारा तुटपुंजा असताना याकइतकं नत्र राखणं गायीला जमत नाही.

इथवर ऐकलं की काटकसरीचा धडा घ्यावासा वाटतो. पण हिशेब इथे संपत नाही. माघारी येणारं नत्रही कधीतरी चाऱ्यातूनच आलेलं असतं. चारा फारच तुटला की याक स्वतःचं मांस झिजवतो. वसंत येईतो त्याचं वजन जवळपास पाव हिश्श्यानं घटतं. 2018च्या डिसेंबरपासून उत्तर सिक्कीममध्ये बर्फ पडत राहिला, मुकुथांगची कुरणं गाडली गेली आणि त्या भागात 300च्या आसपास याक उपासमारीनं मेले. जन्मजात काटकसर त्यांना तारू शकली नाही. त्यांना हवी होती साठवलेली वैरण.

आपल्याकडेही अशी माणसं असतात. घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, कचेरीत दोघांचं काम एकट्यानं ओढणारी. ‘त्यांना कमी पुरतं’ असं आपण कौतुकानं म्हणतो आणि पुढच्या वेळी आणखी कमी देतो. ती कुरकुरत नाहीत, कारण तोवर ती स्वतःतलंच काढून भागवत असतात.

सोशिकपणाचं कौतुक पुरे. आज अशा एखाद्या माणसाच्या ताटात आधी वाढा.