काचेवरचा त्रिकोण

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ सालापासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि पुढील दीड तास घरोघरीचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यासास बसावे, असा शिरस्ता गावाने घालून घेतला आहे. या निर्णयाचे सर्वत्र कौतुक झाले व ते रास्तच होते. परंतु मुलाने पडद्यापुढे किती वेळ बसावे या प्रश्नाच्या पाठोपाठ, बसलाच तर त्याच्यापुढे काय ठेवावे, हा अधिक नाजूक प्रश्न उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाकाठी फार तर एक तासाची मर्यादा सांगितली, तीही कमी तितकी बरी या पुस्तीसह. त्या तासाभरात त्रिकोण, चौरस व वर्तुळ शिकविण्याची हमी देणारी अनेक अ‍ॅप आज सातारा-सांगलीच्या खेड्यांतील घरांतही येऊन पोचली आहेत, आणि मूल काहीतरी शिकते आहे एवढ्या समाधानावर त्यांची पारख करण्याचे बहुधा राहून जाते.

आकार शिकणे म्हणजे काय, याचा विचार बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांनी फार बारकाईने केला होता. १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी शाळा काढणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हाती प्रथम लोकरीचे मऊ चेंडू दिले, मग लाकडी गोल, घन व दंडगोल दिले, आणि सपाट पाट्या व काड्या यांची पाळी त्यानंतर आणली. म्हणजे मुठीत मावणाऱ्या घनवस्तूपासून पृष्ठाकडे आणि पृष्ठापासून रेषेकडे, असा त्याचा क्रम होता. पडदा हा क्रम उलटा करतो. नव्हे, त्यातील पहिली पायरीच गाळून टाकतो, कारण काचेखाली जे जे येते ते ते सपाट होऊन येते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या, हळद साठविण्याच्या जमिनीतल्या पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, हे चित्र पाहून ध्यानी येईल, पण त्या रुंदीचा अदमास येणार नाही. साताऱ्याजवळ लिंब येथे अठराव्या शतकात बांधलेली बारामोटेची विहीर अष्टकोनी आहे, हे वडिलांचे बोट धरून तिच्या काठाकाठाने फिरलेल्या मुलास आठ वेळा वळावे लागल्यामुळे कळते. ज्या मुलुखात अशा वस्तू व वास्तू हाताशी आहेत, तेथे अ‍ॅपचे काम त्यांच्यानंतरचे आहे, आणि म्हणून जे अ‍ॅप मुलास 'आता घरातली एखादी गोल वस्तू शोधून आण' असे सांगून स्वतः थांबते, ते मी इतरांहून वरच्या प्रतीचे मानतो; ही माझी पहिली कसोटी.

दुसरी कसोटी म्हणजे मूल चुकल्यावर काय होते, ही. मॉन्टेसोरीबाईंच्या लाकडी चौकटीत त्रिकोणाची जागा वर्तुळाच्या तबकडीस घेता येत नाही; तबकडी बसत नाही, मूल तिची कड बोटाने चाचपते, पुन्हा पाहते आणि आपली चूक आपण दुरुस्त करते. आता एखाद्या तीन वर्षांच्या मुलास फोनवर हाच खेळ खेळताना पाहावे. ते निळा तुकडा बोटाने ओढत पहिल्या जागेवर नेते, तुकडा उडून परत येतो. दुसरीवर नेते, पुन्हा तेच. तिसऱ्या जागेच्या नुसते जवळपास नेले तरी तुकडा आपोआप खेचला जाऊन चिकटतो, घंटा वाजते, फुगे उडतात, नाणी जमा होतात. मुलाने कड पाहिली नाही, कोन मोजला नाही. सर्व जागा फिरून मोबदला मात्र पदरात पाडून घेतला. जेथे बक्षिसाचा असा गजर चालतो, तेथे लक्ष आकारावरून उडते, आणि मध्येच जाहिरात येत असेल तर ते अ‍ॅप आणखी तपासण्याची गरजच नाही.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक अ‍ॅपमधील त्रिकोण हा समभुज, तळावर आडवा बसलेला आणि टोक वर केलेला असतो. तोच तो पाहिलेले मूल उलटा, लांबट किंवा तिरका त्रिकोण दिसताच 'हा त्रिकोण नाही' असे निःशंकपणे सांगते. कोनावर उभा केलेला चौरस त्याच्या लेखी चौरस राहत नाही, आणि काही अ‍ॅप तर त्यास निराळेच नाव देऊन हा गैरसमज पक्का करतात. व्हॅन हीले या डच दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाचे जे टप्पे मांडले, त्यांपैकी पहिला टप्पा आकृती केवळ तिच्या रूपावरून ओळखण्याचा आहे आणि दुसरा तिचे गुणधर्म पाहण्याचा. तीन वर्षांचे मूल पहिल्या टप्प्यावर असणारच, त्यात त्याचा दोष नाही. परंतु तेथून पुढे जाण्याची वाट बुजवून टाकणारे साधन त्याच्या हाती देणे, हा मात्र आपला कसूर आहे.

उलटपक्षी, लाकडाला न साधणारी एक गोष्ट पडद्याला साधते, हेही मान्य केले पाहिजे. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला असता आकृती लांबते, कलते, अरुंद होते, आणि तरी तिच्या तीन बाजू व तीन कोन कायम राहतात. ही गोष्ट जे अ‍ॅप मुलास करू देते, आणि तीही मराठी आवाजात, ते खरोखर ठेवून घेण्याजोगे आहे. अशी फार थोडी आढळतात.

गरिबाच्या घरी लाकडी साधने कोठून येणार, फोन तर घरात आहेच, असा आक्षेप कोणी घेईल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती, आणि महागड्या परदेशी साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, खडे, पाने, बिया यांची योजना केली. ती तजवीज आजही कोणत्याही अंगणवाडीत विनाखर्च करता येते. आणि ग्रामसभेला भोंग्याची वेळ ठरविता येत असेल, तर अंगणवाडीतील मातांच्या बैठकीस महिन्यातून एकदा एखादे अ‍ॅप सर्वांसमोर उघडून त्यातील त्रिकोण किती तऱ्हांचे आहेत, चुकल्यावर काय होते आणि खेळ आपणहून कोठे थांबतो, एवढे पाहून ते ठेवावे की काढून टाकावे, हेही ठरविता येईल. त्यासाठी वरून कोणताही हुकूम येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.