इंजिन पावसात ठेवलंस?

गाडीच्या लाल रंगाला दोन लाख मोजलेस. ब्रेकला किती खर्च केलास, असं विचारल्यावर हसलास. हसण्यासारखं काय होतं त्यात? चारपैकी एकाही चाकाचा ड्रम तू उघडलेला नाहीस, व्हील सिलिंडरची रबरं शेवटची कधी बदलली ते तुला ठाऊक नाही, आणि त्याच गाडीत बायकोला बसवून कसारा घाट उतरून आलास. उतारावर पेडल मऊ लागलं, दोन-तीनदा पंप करावं लागलं, हेही तूच मला सांगितलंस, आणि मोठ्या कौतुकाने सांगितलंस. त्या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच लायनीवर चालतात. एक रबर फाटलं की चारही चाकं मोकळी. माझ्या हाताखाली मोटार मेकॅनिकचा ट्रेड पुरा केलेल्या मुलाला हे मी आज नव्याने शिकवायचं?

गाडी पाहायला आलो तेव्हाच तोंडावर बोललो असतो. पण तुझे मित्र मोबाइल घेऊन गाडीचं शूटिंग करत उभे होते, आणि शिष्याची अब्रू चारचौघांत काढायची मला सवय नाही. म्हणून लिहितो आहे. नीट बसून वाच.

पहिली गोष्ट त्या फाइलची. नाशिकरोडच्या डॉक्टरांच्या घरून १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट तू घेतलीस. तिथल्या बाईंनी चावीबरोबर एक जाड फाइल तुझ्या हातात दिली. डॉक्टर गेल्यानंतरही त्यांनी ती जपून ठेवली होती. डिकीत स्टेपनीखाली दुमडून पडलेली, भिजून फुगलेली ती फाइल मी बाहेर काढली. पानं एकमेकांना चिकटली आहेत. जी सुटली त्यांत काय आहे सांगू? कितव्या किलोमीटरला ऑइल बदललं, कोणता प्लग घातला, पाट्यांचं कोणतं पान तुटलं आणि कुठे नवं घातलं, इंजिन पहिल्यांदा बोअर केलं तेव्हा पिस्टन कोणत्या ओव्हरसाइजचे बसवले. सगळं शाईच्या पेनाने, तारीखवार. जुन्या गाडीच्या मालकाला याहून मोलाचं काही मिळत नाही. पिस्टनच्या त्या एका नोंदीवरून तुला कळलं असतं की ब्लॉकमध्ये अजून किती जीव शिल्लक आहे. तू ती फाइल उघडलीसुद्धा नाहीस.

आणि इंजिन? ‘पिकअप नाही’ एवढ्या एका तक्रारीवर कोणत्या तरी गॅरेजवाल्याने तुला गळ घातली, आणि तू फियाटचं इंजिन उतरवून त्या जागी अलीकडच्या गाडीचं इंजिन कोंबलंस. ब्रेक जुनेच, स्टिअरिंग जुनं, पाटे जुने, आणि ताकद मात्र वाढवून ठेवलीस. उतरवलेलं इंजिन घराच्या मागे, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर, उघड्यावर! प्लग काढलेले, चारही भोकं आभाळाकडे तोंड करून. मी बोट घातलं तर तांबडा गाळ हाताला लागला. जूनपासून त्यात पाणी जातं आहे.

पाहुण्यांना तू सांगतोस, ‘ही माझी इटालियन क्लासिक. फेरारी येईपर्यंत सध्या हिच्यावर भागवतो.’ हे ‘सध्या’ माझ्या मनाला फार लागलं. ज्या इंजिनाला तू उघड्यावर टाकलंस ते कोण आहे, ते एकदा ऐकून घे.

दान्ते जाकोसा नावाच्या इंजिनिअरने १९३७ साली फियाटच्या ५०८ सी या गाडीसाठी १०८९ सीसीचं इंजिन उभं केलं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. दोन वर्षांनी एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडला. चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही, अशी त्याच्यावर अट होती. म्हणून १९४० च्या मिले मिलिया शर्यतीसाठी त्याने ज्या दोन गाड्या बांधल्या त्यांवर फेरारी हे नाव नव्हतं. त्यांचं नाव होतं ८१५. आठ सिलिंडर, दीड लिटर. आणि त्या बांधल्या होत्या याच फियाट ५०८ सीच्या सांगाड्यावर, तिचेच कितीतरी सुटे भाग वापरून. एक अल्बर्तो आस्कारीने चालवली. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. त्यांतली एक पुढे भंगारात गेली. फेरारीने स्वतः बांधलेली पहिली गाडी, आणि तिची जोडीदार भंगारात! तेव्हाही कुणाला तरी वाटलंच असेल की जुनं लोखंड आहे, काय करायचंय ठेवून.

युद्धानंतर तोरिनोला पिएरो दुसिओने चिसितालिया काढली. तिच्या पहिल्या रेसिंग गाडीचा आराखडा जाकोसाचाच, आणि इंजिन याच ११०० च्या घराण्यातलं. १९४७ च्या मिले मिलियात चौपन्न वर्षांचा, आजाराने खंगलेला ताझिओ नुवोलारी उघड्या चिसितालियात बसून भर पावसात धावला आणि दुसरा आला. तिचीच बंद टपाची बहीण १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रदर्शनात मांडली. चिसितालिया बुडाली तेव्हा तिथेच काम करणाऱ्या कार्लो आबार्थने १९४९ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली. तिचं चिन्ह विंचू. तोच विंचू तू बाजारातून स्टिकर आणून बॉनेटवर चिकटवला आहेस. आणि ज्या घराण्याच्या इंजिनाने त्या माणसाला मार्ग दाखवला, ते घराच्या मागे गंजत पडलं आहे. तुझ्या ब्लॉकचा बोअर मोज. ६८ मिलिमीटरवर ओव्हरसाइजचा काय तो फरक निघेल. स्ट्रोक ७५ च.

ही गाडी कुर्ल्यात कशी जन्मली, हेही तुला माहीत असायला हवं होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तुझ्याच जिल्ह्यात, मालेगावजवळच्या रावळगावला, ज्यांनी ऊस आणि साखर उभी केली तेच हे गृहस्थ. परवान्याच्या राज्यात, सुटा भाग न् सुटा भाग इथे बनवायला शिकत, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी ११०० घडवली. आधी आपण जिला डुक्कर फियाट म्हणायचो ती, मग १९६४ पासून डिलाइट, १९७४ पासून पद्मिनी. इटलीने ११०० चं उत्पादन १९६९ साली थांबवलं. कुर्ल्याने ते इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाले होते तोवर कुर्ल्यात, ऑपेरा हाऊसला हात घालावा तिथे भाग मिळायचे. ते दिवस गेले. आता हातात असलेला प्रत्येक अस्सल भाग सांभाळायचा असतो, आणि तू अख्खं इंजिन सोडून दिलंस.

आता पत्र्याकडे येतो, कारण तुझा सगळा अभिमान तिथेच साठला आहे. ११०० ला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा कणा. दाराखालची पट्टी, फ्लोअर, मागच्या पाट्याची शॅकल जिथे अडकते तो कोपरा, यांवर गाडी उभी असते. मी पेचकसाच्या मुठीने तुझ्या ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी ठोकत गेलो. पुढे टण्ण वाजली, मध्ये वीतभर बद्द, मागे पुन्हा टण्ण. लोहचुंबक लावलं तर मधल्या जागेवरून घसरून खाली पडलं. तिथे पत्रा उरलेलाच नाही. जाळी भरून वर लांबी थापली आहे आणि तिच्यावर तुझा दोन लाखांचा लाल रंग. पाणी निघून जायची खालची भोकंसुद्धा लांबीने बुजवून टाकली. या पावसाळ्यात आत साठलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलेली पट्टीही खाऊन टाकील. रंगाच्या आधी पत्रा उघडा करायचा, सडलेलं कापायचं, त्याच जाडीचा नवा तुकडा बेताने वेल्ड करायचा, आतून प्रायमर आणि मेण मारायचं. आणि वेल्डिंगच्या आधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, म्हणजे बॉडी खचली तर कळतं. हे सगळं तुझ्या वहीत होतं. तुझं अक्षर चांगलं होतं, म्हणून मला आठवतं.

बरं, कायदा तरी वाचलास का? पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेजचे नियम केले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. तुझी डिलाइट वयाने त्यात बसते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे; चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. तू इंजिन बदललंस आणि तो दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतलास. शिवाय आरटीओची मंजुरी न घेता इंजिन बदललंस, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आजही तू गुन्हेगार आहेस. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच पाहणार आहे.

पेट्रोलचंही तसंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते १९६७ सालच्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला सोसत नाही, आणि उभ्या गाडीच्या टाकीत हवेतलं पाणी ओढतं. नळ्या बदल. टाकी उतरवून आतून बघ. जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर खोलून जेट साफ कर. हे एका सकाळचं काम आहे.

पैसे नाहीत म्हणू नकोस. अलॉय व्हीलला होते, स्टिरिओला होते. माणसं नाहीत असंही म्हणू नकोस. अंबड-सातपूरला लेथवर शतांश मिलिमीटर पकडणारे कारागीर बसले आहेत. बुश, पिन, स्लीव्ह, जे मापून नेशील ते करून देतील. पण माप तुला न्यावं लागेल. तुझ्याकडे आज एकही माप नाही. पिकअप नव्हता तर कॉम्प्रेशन गेज लावलास का? आधी कोरडं, मग चमचाभर ऑइल घालून ओलं? रिंगा गेल्या आहेत की व्हॉल्व्ह गळताहेत, ते दहा मिनिटांत कळलं असतं. पॉइंट घासले होते का ते पाहिलंस? कदाचित टॅपेट आणि टायमिंग एवढ्यातच भागलं असतं. न तपासता इंजिन उतरवणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही आणि मालकही म्हणत नाही.

मी इतका चिडलो आहे कारण तुझा हात चांगला आहे. वर्गात डोळे मिटून गिअरबॉक्स जोडणारा मुलगा तू. तुझ्याकडून हे होतं, तेव्हा ज्यांना काही येत नाही त्यांना मी काय बोलू?

तेव्हा सांगतो तसं कर. आज संध्याकाळी इंजिन छपराखाली घे. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं ऑइल ओत, दोन दिवस मुरू दे, मग क्रँक हाताने फिरते का बघ. अडकली तर जोर लावू नकोस, मला बोलाव. हेड उतरव आणि चारही बोअर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोज. टेपर किती, ओव्हॅलिटी किती, वहीत लिही. फाइलची पानं सावलीत एकेक सुटी करून वाळव, आणि बाईंना भेटून ये. डॉक्टरांनी गाडी कशी वापरली ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. ब्रेकची सगळी रबरं आणि नळ्या नव्या होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, नवरात्रातल्या मिरवणुकीसाठीसुद्धा नाही. विंचू काढून टाक. इंजिन परत बसेल, पट्टी नवी होईल, मग हवं तर पुन्हा लाव, मी काही म्हणणार नाही.

हे करायचं नसेल तर तसं स्पष्ट सांग. यंदाच्या बॅचमध्ये दोन मुली आहेत, दोघींना जुन्या इंजिनाचं वेड आहे. गाडी त्यांच्या हवाली कर, मी त्यांच्याबरोबर उभा राहीन. करायचं असेल तर रविवारी सकाळी आठला मापांची वही घेऊन घरी ये.